आपलं का जाते?

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी तुमसरला बदलून आलो आणि पहिल्याच दिवशी घरमालकांनी माझ्या वळकटीत परखी खुपसली. परखी म्हणजे पोत्यात भोसकून आतलं धान्य बाहेर काढायचं हत्यार. हातभर लांब, टोकदार, पन्हळीसारखं पोकळ, मागे लाकडी मूठ. मी दाराशी सायकल धरून उभा, आणि हा गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेला अनोळखी गृहस्थ माझ्या गादीतून चिमूटभर कापूस काढून उन्हात धरून बघत होता.

"सरकी हाये थोडी," ते म्हणाले. "पण ढेकूण नाही. राहा."

"अहो, पण गादी फाटली ना माझी!"

"वरून पाहून का समजते, मास्तर? वरून सगळंच चांगलं रायते."

आतून त्यांची बायको सुई-दोरा घेऊन आली, गादीचं भोक शिवलं आणि परत गेली. तिच्या हाताला ती सवय होती, हे मला पुढे कळलं.

सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून मीही. तुमसरच्या एका राइस मिलच्या फाटकावर ते धान पारखायचे. दिवाळीनंतर धानाच्या बैलबंड्यांची रांग नाकाडोंगरीच्या रस्त्यापर्यंत जायची. काकाजी प्रत्येक बंडीपाशी जायचे आणि पोत्याच्या तोंडाकडे ढुंकूनही न बघता कुशीत, खालच्या अंगाला परखी मारायचे. हातावर आलेले दाणे दोन तळव्यांत चोळायचे, फुंकर घालायचे, एक दाणा दाताखाली कटकन फोडायचे. शंभरात एखादा असायचा, तोंडाशी भरलेलं धान आणि पोटात पोचट नाहीतर ओलं घालून आणणारा. त्याला ते चारचौघांत कधी बोलले नाहीत. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणायचे, "वापस, बापू. घरी ने, वारा दे, ऊन दे, मंग आण." पण 'वापस' म्हटलं की वापस. मग मिलच्या शेटनं सांगितलं तरी ते पोतं आत जायचं नाही.

ही परखी त्यांच्या हातून सुटायची नाही. गुळाच्या भेलीला, चुन्याच्या गोणीला, गवताच्या भाऱ्याला, कशालाही. एकदा सासुरवाडीहून आलेल्या कलिंगडाला लावली आणि ते सगळ्यांसमोर वापस केलं, ही गोष्ट काकू पदर तोंडावर धरून सांगायच्या. जगात फक्त एकाच मालाला काकाजींनी परखी लावली नव्हती.

"देवाले परखी लागत नाही, मास्तर. म्हून तो माल मी न पाहताच घेतला. असला तं असला. नसला तं आपलं का जाते?"

हे 'आपलं का जाते' मी त्यांच्या तोंडून दिवसातून दहादा ऐकलं असेल. सकाळी आंघोळ करून निघाले की आधी मारुती, मग माता, मग पिंपळ, गुरुवारी दर्ग्यापुढं ऊद. क्रिस्तावांच्या प्रार्थनाघरावरून जाताना टोपी काढून हातात घ्यायचे, विहारापुढं चपला काढायचे. मी विचारलं, "काकाजी, एवढे सगळे कशाला? एक धरा ना."

"आन् एकाले धरलं आन् दुसराच निघाला तं?"

मी, गणिताचा मास्तर, नुसता हसलो. मी कॉलेजात असताना देव सोडलेला माणूस. सोडला म्हणजे काय, तर चार मित्रांबरोबर तावातावानं बोलून सोडला. त्यापायी माझं एक पैशाचं नुकसान झालं नव्हतं, त्यामुळे मला त्याचा अभिमान फार.

आता दगडाचं सांगतो. घर ते मिल या वाटेवर, वळणावर, गुडघाभर उंचीचा एक दगड होता. त्याला लाल रंग फासलेला. काकाजी रोज त्याच्यापुढं थांबून हात जोडायचे. तीन वर्षं जोडले. मग एक दिवस पाटबंधारे खात्याचा ओव्हरसियर टेप घेऊन आला आणि त्यानं यांना हात जोडताना पाहिलं. तो पोट धरून हसला. तो कालव्याच्या मोजणीचा दगड होता. लाल रंग त्याच्याच माणसांनी दिलेला, ऑइलपेंट.

झालं, ही बातमी संध्याकाळपर्यंत बाजारात पोचली. पानठेल्यावर लोक म्हणायचे, "काकाजी, मैलाच्या दगडाचा नंबर कधी?" मला वाटलं आता तरी थांबतील. दुसऱ्या दिवशी सायकलवरून शाळेला जाताना बघतो तर काकाजी दगडापुढं उभे, डोळे मिटलेले.

"अहो, तो मोजणीचा दगड आहे, कळलं ना आता?"

"कळलं न. पण तीन वर्षं जोडले हात. आता बंद केलं आन् असला तं? राग नाही येईन? चालू ठेवलं तं आपलं का जाते?"

हसू त्यांचं होतच होतं. पण दोनेक महिन्यांत एका सकाळी त्या दगडावर खरा शेंदूर दिसला. तेलात कालवलेला, ओला, वर एक जास्वंदीचं फूल. मग दर मंगळवारी दिसायला लागला. पानठेल्यावरचे लोक गप्प झाले. कुणी नारळ फोडला, कुणी हिरव्या बांगड्या ठेवल्या, एक बंडीवाला तर बैल थांबवून पाया पडताना मी पाहिला. मूर्खपणाही साथीसारखा पसरतो, असं मी मास्तरांच्या खोलीत सांगितलं आणि सगळे हसले.

असं दोन-तीन वर्षं चाललं. एका रविवारी ओसरीवर आम्ही बसलो होतो. काकू सुपात तांदूळ पाखडत होत्या. काकाजी मला त्यांचा सौदा पुन्हा समजावून सांगत होते: देव असला आणि आपण हात जोडले तर सोन्याहून पिवळं. नसला आणि जोडले तर दोन मिनिटं गेली. असला आणि नाही जोडले, तर मेलो. "तुम्ही गणित शिकवता, मास्तर. सांगा, कोणता सौदा चांगला?"

मला तेव्हा ते सुचलं. सुचलं म्हणून बोललो, दुसरं काही कारण नाही. जिभेला हाड नसतं.

"काकाजी, सौदा चांगला आहे. पण देव असलाच, तर त्याच्याकडे परखी असेल ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही तोंडाशी नमस्कार भरता आणि पोटात 'असला तर असला'. मिलच्या फाटकावर असं पोतं आलं तर तुम्ही काय करता?"

काकाजी माझ्याकडे बघत राहिले. सुपाचा आवाजही थांबला होता, पण तो पुन्हा सुरू झाला. काकाजी मात्र परखी मांडीवर घेऊन तिच्या पन्हळीत अडकलेला कोंडा नखानं काढत बसले. इतक्या वर्षांच्या वादात मी पहिल्यांदा जिंकलो होतो. त्या रात्री मला छान झोप लागली.

पुढच्या हिवाळ्यात काकूंच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा, मग गावातला डॉक्टर, मग नागपूरचा मोठा दवाखाना. तिथं पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. मोठ्या डॉक्टरांनी काकाजींना बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या, त्यांना आवडेल ते खायला घाला. मूलबाळ नव्हतं. काकूंची बहीण नाकाडोंगरीहून येऊन राहिली आणि मधल्या खोलीत, देवाच्या कोनाड्याखाली, काकूंची खाट पडली.

जो भेटेल तो काकाजींना म्हणे, "आता तुमच्या सगळ्या देवांले साकडं घाला, एक तरी आयकन." सगळ्यांना वाटलं हा माणूस आता देवळांमधून उठणार नाही. घडलं उलटं. काकाजींचं जाणंच बंद झालं. मारुती नाही, माता नाही, दर्गा नाही. दगडाजवळून जाताना खाली मान घालून पुढं जायचे. घरातली घंटीसुद्धा वाजेना.

मी एकदा फाटकावर जाऊन विचारलं. रांग होती, पण ते बाजूला आले.

"मातेच्या देवळात गेलतो, मास्तर. पायरीवर उभा रायलो. आन् एकदम वाटलं, आता थो परखी काढन."

"कोण?"

"थोच. जो असन थो. तीस वर्षं मी काही मागतलं नाही, म्हून त्यानं पोतं उघडलं नाही. आता मागाले आलो म्हणजे उघडन. आन् आत का हाये हे मले माहीत हाये." ते थांबले. "तीस वर्षं घंटी वाजवली. वाटे, वाजवत रायलो तं कधी ना कधी आतही वाजन. नाही वाजली. आता बसून पाहातो, डोळे मिटतो, म्हणतो, ठेव विश्वास, तिच्यासाठी ठेव. अंधार दिसते, बस. असा माल घेऊन गेलो आन् त्यानं वापस म्हटलं, तं मार कोणाले बसन? मले नाही. तिले बसन."

मी घाईघाईनं म्हणालो, "काकाजी, ती गंमत होती. देव असं काही बघत नसतो. देव फक्त भाव बघतो, हात जोडले की झालं. तुम्ही जा बरं."

"तुम्ही मानता देवाले?"

"मानतो ना."

त्यांनी माझ्या तोंडाकडे असं पाहिलं की मला माझी वळकटी आठवली. "वरून भरून रायले तुम्ही, मास्तर," ते म्हणाले. रागानं नाही. खांद्यावर हात ठेवून, हळूच. आणि पुढच्या बंडीकडे गेले.

त्यानंतर ते घरीही राहीनासे झाले. मिलच्या बारदान्याच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर झोपायचे. दिवसातून एकदा यायचे, ओसरीवर उभ्यानंच मेहुणीला तब्येत विचारायचे, आणि मधल्या खोलीच्या दारातून आत न बघता परत जायचे. आपल्यातल्या भेसळीनंच तिला हे झालं, जवळ गेलो तर आणखी वाढेल, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. आतून काकूंनी हाक मारली तर पावलं भराभर पडायची. लोक नावं ठेवू लागले. बायको मरणाच्या दारात आणि हा पोत्यांवर झोपतो, म्हणाले. मी कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

एका मंगळवारी दुपारी शाळेतून आलो तर काकूंच्या बहिणीनं मला आत बोलावलं. काकू खाटेवर अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. कुंकू मात्र तेवढंच मोठं होतं.

"मास्तर, तुम्ही त्यायले परखीचं बोलले, थे मी आयकलं होतं."

मी खाली बघितलं.

"तुमाले दोष नाही देऊन रायली. खरंच बोलले तुम्ही. त्यायच्या पोत्यात कोंडा हाये, हे मले लगन झालं तवापासून माहीत हाये." त्या थोडं थांबून श्वास घेत बोलत होत्या. "पण कोंड्याचं पोतं असलं तरी उचलाव लागते ना? तापात गेले, पावसात गेले, एक दिवस चुकवलं नाही. काहून? आपल्या घरावर काही येऊ नये म्हून. माह्यासाठीच तं नेलं त्यायनं ते पोतं. देवाले नाही समजन का एवढं?"

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं केला.

"आन् थो दगड. लोक हासत होते यायले. मले पाहावलं नाही. एका सकाळी पाण्याले गेली आन् शेंदूर लावून आली. दर मंगळवारी मीच लावला. फूल मीच ठेवलं. मंग हासले नाहीत कोणी." त्यांच्या चेहऱ्यावर जराशी गंमत उमटून गेली. "त्यायले माहीत नाही. सांगजा त्यायले. सगळं सांगजा. मी बोलतो म्हटलं तं थांबत नाहीत, पळते. तुमचं आयकतीन. म्हणा, तिनं सांगतलं, घंटी नका वाजवू, नवस नका करू. निस्तं येऊन बसा. दोन घटका खाटेजवळ बसा."

"सांगतो," मी म्हणालो.

बाहेर आलो. सायकल भिंतीला टेकलेली होती. मिल दहा मिनिटांवर. मी सायकलकडे बघितलं आणि माझ्या खोलीत जाऊन पेपर तपासायला बसलो.

का सांगितलं नाही, हे मी आजवर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. चाचणीचे पेपर होते, हे एक. पण ते काही खरं नाही. तेव्हा मला वाटलं की बाईच्या बोलण्यात मुद्दाच नाही. पोत्यात कोंडा आहे हे तर तिनंही कबूल केलं, मग त्या माणसाच्या शंकेचं उत्तर कुठं झालं? आणि दगडाचं सांगून तर तो अजूनच खचेल, ज्याला लोकांनी देव केलं तो बायकोच्या बोटाचा शेंदूर निघाला. मी हे सगळं खरंच फळ्यावर मांडल्यासारखं मनात मांडलं. चूक कुठंच सापडेना. आणि त्याच्याही खाली, कुशीत परखी मारली तर निघेल ते एवढंच: त्या माणसासमोर जाऊन बसायची आणि माझ्या एका विनोदानं त्याचं काय केलं ते बघायची माझी छाती नव्हती. उद्या सांगू, परवा सांगू. रविवारी निवांत सांगू. रविवारी मी भंडाऱ्याला सिनेमा बघायला गेलो.

त्याच्या पुढच्या शनिवारी, मिलचा दुपारचा भोंगा वाजत असताना काकू गेल्या. काकाजींना फाटकावर निरोप पोचला. ते पळत आले ते परखीसकट. त्या दारातून ते महिन्यानं आत गेले. खाटेजवळ बसले. मग कुणीतरी त्यांच्या हातातून परखी सोडवून घेतली.

तेरावं झाल्यावर काकूंची बहीण गावी गेली, आणि त्या संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघंच उरलो. मी सगळं सांगितलं. कोंड्याचं, पोतं उचलण्याचं, शेंदराचं, दोन घटका बसण्याचं. एक शब्द गाळला नाही. आता गाळून काय उपयोग होता?

काकाजी भिंतीला टेकून ऐकत होते. शेंदराचं आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"म्हणजे तिनं पारखला होता माल," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. आन् वापस नाही केला."

"हो, काकाजी."

"मी थो असन का, थो असन का म्हणत गावभर फिरलो. घरात जे होतं ते कधी पाहालं नाही." मग ते सरळ बसले. "कोण्या दिवशी सांगतलं तिनं तुमाले?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण या माणसापुढं मी एकदा खोटं बोलून बघितलं होतं.

"मंगळवारी. काकू गेल्या त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या."

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवर एक एक करत टेकवला. बुध, गुरू, शुक्र. शनिवारवर थांबले नाहीत, पुढं गेले. दुसऱ्या शनिवारी थांबले.

"अकरा दिवस," ते म्हणाले.

एवढंच. मला शिवी दिली असती, खोली रिकामी कर म्हटलं असतं, तर मी उपकार मानले असते. त्यांनी उठून आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं.

त्यानंतर मी त्या घरात आणखी दीड वर्ष राहिलो. काकाजी कामावर जायचे, पण वळणावरच्या दगडाची वाट त्यांनी सोडली. तलावाच्या पाळीवरून लांबचा फेरा घेऊन मिलला जायचे. दगडाला तोवर कुणीतरी पत्र्याचं छप्पर केलं होतं, मंगळवारी तिथं बायकांची रांग लागायची. देवळांचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि 'आपलं का जाते' हे तर पुन्हा कधीच त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. फाटकावर मात्र हात बिघडला. कुणाचं पोतं वापस करेनात. पोचट निघालं तरी दाणे मुठीत झाकून 'जाऊ द्या आत' म्हणायचे. मिलवाल्यांनी थोडे दिवस चालवून घेतलं, मग नवा माणूस ठेवला.

माझी बदली झाली त्या दिवशी वळकटी ओसरीवर बांधून ठेवली होती. काकाजी बाहेर आले. मी आपला हसून म्हणालो, "जाताना एकदा परखी लावून बघा, काकाजी, तुमचं काही नेत तर नाही ना."

त्यांनी वळकटीवर हात ठेवला, नुसता. "राहू द्या, मास्तर," म्हणाले. "आत का हाये ते माहीत हाये." मग वळकटी स्वतःच उचलून रिक्षात ठेवली.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. काकाजीही गेले, असं कुणीतरी सांगितलं. देव आहे की नाही, याचा निकाल माझ्यापुरता अजून तोच आहे, नाही. आणि नुकसान होत नाही म्हणून हात जोडणं हा काही विश्वास नव्हे, हेही मी आज कुणालाही पटवून देईन. वाद मी अजून जिंकू शकतो. पण कुठंही धानाच्या बंड्या दिसल्या की मला ती मंगळवारची दुपार आठवते, भिंतीला टेकलेली सायकल आठवते. दहा मिनिटांची वाट होती. बाईचं बोलणं खरं असो की खोटं, त्यात मुद्दा असो की नसो, जाऊन सांगितलं असतं, तर माझं काय जात होतं?